हँडलचं लिक्विड लिमिट यंत्र: शिकवण्यासाठी घेत असाल तर हेच घ्या

सिव्हिलच्या मुलांना मातीची लॅब शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांसाठी हे लिहितेय. खरेदीची फाइल टेबलावर आली की प्रश्न हमखास पडतो. लिक्विड लिमिटसाठी, म्हणजे किती पाण्याला माती वाहू लागते ती मर्यादा काढण्यासाठी, हाताने फिरवायचं साधं कॅसाग्रांडे यंत्र घ्यायचं, मोटर आणि डिजिटल काउंटरवालं घ्यायचं, की सरळ शंकू रुतवून मोजणारा कोन पेनेट्रोमीटर? आमच्या लॅबमध्ये तिन्ही आहेत आणि तिन्हींवर मी बॅच घेतल्या आहेत. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. मुलांना शिकवायचं असेल तर हँडलचंच घ्या, आणि एकावर थांबू नका, चार घ्या. बाकीची दोन यंत्रं वाईट नाहीत. त्यांचं काम वेगळं आहे.

आमचं कॉलेज परभणी जिल्ह्यात. खिडकीतून बाहेर बघितलं की काळं रान दिसतं आणि लॅबच्या स्वतःच्या भिंतीला तिरपी भेग आहे. त्यामुळे ही टेस्ट आमच्याकडे पुस्तकातली राहत नाही. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी माती मुलांनी जन्मापासून पाहिलेली असते. त्या मातीला आकडा कसा लावायचा, हे त्यांना इथे शिकायचं असतं.

यंत्र दिसायला अगदी साधं. पितळी कप, खाली कडक रबराचा ठोकळा, बाजूला हँडल. हँडलचा एक फेरा झाला की कॅम कप उचलतो आणि १० मिमी वरून ठोकळ्यावर सोडतो. कपातल्या मातीच्या लगद्यात आधी खाच पाडलेली असते, ती तळाशी १२ मिमी लांबीत मिटेपर्यंत ठोके मोजायचे. २५ ठोक्यांना मिटली तर त्या वेळचं पाण्याचं प्रमाण म्हणजे लिक्विड लिमिट. आर्थर कॅसाग्रांडे यांनी १९३२ मध्ये हे यंत्र मांडलं आणि त्याची रचना आजही जवळपास तीच आहे. मुळात ही मर्यादा सुचवली ती अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने, १९११ मध्ये, आणि तीही शेतीच्या मातीचा अभ्यास करताना. त्याच्या पद्धतीत वाडगा हातावर आपटायचा होता, म्हणजे प्रत्येकाचा हात वेगळा आणि उत्तरही वेगळं. कॅसाग्रांडेंनी तो आपटण्याचा भाग यंत्राकडे दिला. मुलांना मी हे सुरुवातीलाच सांगते, कारण यंत्रातला प्रत्येक भाग कुठल्या गोंधळावरचा उपाय आहे ते त्यामुळे पटकन कळतं.

आता खोका उघडल्यावरचं. आम्ही कोटेशनं मागवली, सगळ्यात कमी दराच्या पुरवठादाराला ऑर्डर गेली, माल वेळेवर आला. पॅकिंग चांगलं होतं, कपाचं पॉलिशही छान. पण चारपैकी दोन यंत्रांचा कप १० मिमीपेक्षा उघडच जास्त उंचीवरून पडत होता आणि एका यंत्राचा ठोकळा नखाने दाबला तर दबल्यासारखा वाटत होता. सोबतच्या तपासणी प्रमाणपत्रावर मात्र सगळं बरोबर असल्याची सही होती. या दोन्ही गोष्टी डोळ्यांना चटकन दिसत नाहीत, पण उत्तर त्यांनीच बिघडतं. कप जास्त उंचावरून पडला की खाच लवकर मिटते आणि लिक्विड लिमिट कमी येते. ठोकळा मऊ असला की तो धक्का स्वतःच गिळतो, जास्त ठोके लागतात आणि लिक्विड लिमिट जास्त येते. एका यंत्रात दोन्ही दोष असले तर एकमेकांना झाकतात, ते सगळ्यात वाईट.

उंची जुळवणं सोपं आहे. खाच पाडायच्या ग्रूव्हिंग टूलच्या मागच्या टोकाला १० मिमीचा चौकोनी गेज असतो. तो कप आणि ठोकळ्याच्या मध्ये सरकवायचा, मागचे स्क्रू ढिले करून पट्टी पुढे-मागे करायची. हँडल हळू फिरवलं की कप गेजवरून उचलता न उचलता नुसता 'टिक' आवाज आला पाहिजे. मोजायचं ते कपाचा जो बिंदू ठोकळ्यावर आपटतो तिथून, कडेपासून नाही. आमचे लॅबमधले मामा हे काम आता माझ्यापेक्षा जलद करतात आणि दर सत्राच्या सुरुवातीला चारही यंत्रं लावून ठेवतात.

ठोकळ्याची परीक्षा मी सायकलच्या दुकानातून आणलेल्या छऱ्याने घेते. साधारण ८ मिमीची पोलादी गोळी, काचेच्या नळीतून २५ सेंमी उंचीवरून ठोकळ्यावर सोडायची. चांगला ठोकळा तिला तीन चतुर्थांशापेक्षा वर उसळवतो. आमचा तो मऊ ठोकळा तिला निम्म्यापर्यंतही पाठवत नव्हता. फोनवर स्लो मोशनमध्ये शूट करून पुरवठादाराला व्हिडिओ पाठवला. बरेच फोन झाले, मग ठोकळा बदलून मिळाला. एवढा पाठपुरावा करावा लागायला नको होता, म्हणून माल म्हणून मी पाचपैकी साडेतीनच देईन. शिकवण्याचं साधन म्हणून मात्र पाचपैकी पाच, आणि आता त्याबद्दलच बोलते.

आमच्या मुलांनी आपापल्या गावची माती आणायची, असा नियम मी केला आहे. जिंतूरची येते, गंगाखेडजवळची गोदाकाठची गाळाची येते, कुणी विहिरीच्या खोदकामातली आणतं. वाळवायची, कुटायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची, १२० ग्रॅम घ्यायची, डिस्टिल्ड पाण्यात कालवून झाकून ठेवायची. काळ्या मातीला हे मुरणं अत्यंत गरजेचं आहे. आदल्या दिवशी कालवून ठेवली नाही तर पाणी कणांपर्यंत पोचतच नाही आणि दुसऱ्याच मातीचं उत्तर मिळतं. बहुतेक कॉलेजांत प्रॅक्टिकलच्या दोन तासांतच सगळं उरकतात, ते मला अजिबात पटत नाही. आदल्या दिवशी पाच मिनिटं मुलांना लॅबमध्ये बोलवायला काहीच हरकत नसते.

मग स्पॅच्युलाने लगदा कपात भरायचा, पृष्ठभाग सपाट करायचा, मध्यभागी सर्वांत खोल जागी १ सेंमी जाडी राहील असा, आणि खाच पाडायची. इथे पहिल्यांदा मुलांचा हात थरथरतो. टूल कपाला काटकोनात धरून एकाच ओढीत वरून खाली आणायचं असतं. ती खाच तळाशी २ मिमी, वर ११ मिमी रुंद आणि ८ मिमी खोल. काळ्या मातीत ती इतकी सुरेख पडते की दोन्ही उतार आरशासारखे चमकतात. गोदाकाठच्या गाळात मात्र कडा फाटतात, भुसभुशीत होऊन खाली घरंगळतात. तिथे दुसरं, एएसटीएम या अमेरिकी मानकाचं टूल घ्यावं लागतं. कोणती माती किती चिकट, हे हँडलला हात लावण्याआधी, त्या एका ओढीतच कळतं. हे वाचून शिकवता येत नाही, मी प्रयत्न केलेला आहे.

सेकंदाला दोन फेरे, म्हणजे मिनिटाला १२०. फोनवर मेट्रोनोम लावून ठेवते, सुरुवातीच्या चुळबुळीनंतर हाताला तो ताल बसतो. एकजण फिरवतो, एकजण मोठ्याने मोजतो, तिसऱ्याचे डोळे खाचेवर. दहा-बारा ठोक्यांपर्यंत वरून काहीच घडत नाही असं वाटतं. पण वाकून बाजूने पाहिलं तर उतारांचे पायथे एकमेकांकडे सरकत असतात. वरचा भाग तसाच, हालचाल तळाशी. तिसऱ्या वर्षात मुलं स्लोप स्टॅबिलिटीची, म्हणजे उतार टिकेल की ढासळेल याची गणितं करतात, वर्तुळं काढतात, त्यातला उतार पायथ्यातून कसा सुटतो ते त्यांच्या डोळ्यांपुढे या पितळी कपात आधीच घडून गेलेलं असतं. मागच्या बॅचमध्ये जिंतूरची एक मुलगी कपाला नाक टेकवून बघत होती. एकदम ओरडली, "मॅडम, ही वाहत नाहीये, ही तर सबंध सरकतेय!" तिची बरोबर होती ती नजर. तिच्या गटाकडे गाळाची माती होती आणि दोन्ही अर्धे भाग कपाच्या गुळगुळीत पितळेवरून घसरून भेटत होते, मातीच्या आतून वाहून नव्हे. असं मिटणं धरायचं नसतं, पुन्हा कालवून करायचं, आणि तसंच होत राहिलं तर त्या मातीला ही पद्धत लागू नाही असं लिहायचं. हा फरक पकडणारी मुलगी मला पुरेपूर समाधान देऊन गेली.

मोटरच्या यंत्रावर हे घडत नाही. ते यंत्र शिकवायला का कमी पडतं याचं माझं उत्तर एवढंच आहे: मोटर चालू असताना मुलं काउंटर बघतात आणि हँडल फिरवताना खाच बघतात. बटण दाबून झालं की पंधरा जणांची बॅच भोवती उभी राहते, एकाच्या हातात काम, बाकीचे फोनमध्ये. खाच मिटल्यावर बटण दाबेपर्यंत दोन-तीन ठोके जास्त पडलेले असतात. हाताने फिरवणारा मात्र जागच्या जागी थांबतो. सल्लागार कामासाठी रस्त्याचे नमुने येतात, दिवसभर त्याच त्या टेस्ट करायच्या असतात, तेव्हा मी स्वतः मोटरचंच यंत्र वापरते. वेग एकसारखा राहतो, खांदा दुखत नाही. ते त्याचं क्षेत्र.

कोन पेनेट्रोमीटरबद्दल मला आदर आहे. ८० ग्रॅमचा शंकू लगद्यात ५ सेकंद सोडायचा, २० मिमी रुतला की ती लिक्विड लिमिट. ब्रिटनमध्ये तीच पद्धत पसंत करतात, आणि ते योग्यच आहे, कारण हात बदलला तरी उत्तर फार बदलत नाही, आणि गाळाच्या मातीतही काम होतं. तिसऱ्या वर्षाला मी तो मुद्दाम दाखवते. लिक्विड लिमिट ही काही जादूची रेषा नाही. तिथे मातीची शिअर स्ट्रेंथ, म्हणजे सरकण्याला विरोध करण्याची ताकद, साधारण २ किलोपास्कलच्या आसपास उरलेली असते, एवढंच. शंकू रुतताना हे लगेच पटतं. पण पहिली भेट कपाशीच व्हावी. शंकूच्या प्रयोगात मुलाच्या वाट्याला येतं ते टोक पृष्ठभागाला टेकवणं आणि डायल वाचणं.

कोविडच्या काळात हाच प्रयोग आम्ही स्क्रीनवर करून घेतला होता. मुलांना पायऱ्या तोंडपाठ झाल्या, ओरलला उत्तरं छान दिली. नंतर लॅबमध्ये आल्यावर त्याच मुलांनी कपात पाण्याची धार सोडली, कारण स्क्रीनवर पाणी 'अ‍ॅड' करायला एक बटण होतं. प्रत्यक्षात पाणी थेंबाथेंबाने जातं. एका चमच्याने ३३ ठोक्यांवरची माती १२ वर येते आणि मग कोरडी माती टाकून ती परत वर आणायला मनाई असते. ढवळत, हवेवर सुकवत बसावं लागतं. त्या बसण्यातच मुलं मातीशी बोलायला लागतात.

पुढचं गणित मी फळ्यावर त्यांच्याच आकड्यांनी करते. मागच्या वेळी एका गटाला ३५ ठोक्यांना ६३ टक्के आणि १६ ठोक्यांना ७२ टक्के पाणी मिळालं, मधले दोन बिंदू वेगळे. सेमीलॉग कागदावर रेषा काढली, २५ ला साधारण ६७. प्लॅस्टिक लिमिट, म्हणजे वळलेली माती तुटायला लागते तेव्हाचं पाणी, २८ आली. दोन्हींतला फरक म्हणजे प्लॅस्टिसिटी इंडेक्स, ३९. वर्गीकरणाच्या आलेखावर चिकणमाती आणि गाळ वेगळे करणाऱ्या ए-लाइनचं सूत्र ०.७३ गुणिले (६७ वजा २०), उत्तर ३४ च्या थोडं वर. आपला बिंदू रेषेच्या वर आणि लिक्विड लिमिट ५० च्या पुढे, माती सीएच, म्हणजे जास्त प्लॅस्टिक चिकणमाती. मग टेरझाघी आणि पेक यांचं सूत्र: ०.००९ गुणिले (६७ वजा १०), कॉम्प्रेशन इंडेक्स, म्हणजे भाराखाली माती किती दबेल त्याचं माप, सुमारे ०.५१. एका पितळी कपातून निघालेल्या आकड्यावरून इमारत किती खचेल याचा पहिला अंदाज बांधता येतो, हे कळल्यावर वर्गात शांतता पसरते. मग भिंतीवरच्या भेगेकडे बोट दाखवते आणि आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर टाकण्याची जी पद्धत दिली ती सांगते. त्या थराची माती निवडतानाही लिक्विड लिमिट ठरावीक मर्यादेत लागतेच.

प्लॅस्टिक लिमिटला यंत्र नाही, काचेचा तुकडा पुरतो. तळहाताने माती वळून ३ मिमी जाडीची दोरी करायची आणि ती नेमकी तिथेच तुटायला लागली पाहिजे. यात शेतकऱ्यांची मुलं सगळ्यांच्या पुढे असतात. वाफसा आला की नाही हे बघायला घरी मुठीत माती दाबून पाहिलेली असते. नांगरटीला योग्य ओल ही प्लॅस्टिक लिमिटच्या आसपास, बहुधा तिच्या किंचित खाली असते. गंगाखेडच्या एका मुलाने पहिल्याच प्रयत्नात दोरी बरोबर ३ मिमीला तोडली आणि म्हणाला, "आमचे आबा हे डोळे मिटून सांगतात." मी त्याला म्हटलं, आबांना एकदा लॅबला घेऊन ये. आबा खरंच आले. चार नमुन्यांपैकी कोणता सर्वांत चिकट ते त्यांनी बोटांत चोळूनच सांगितलं आणि आकड्यांचा क्रमही तोच निघाला.

चार यंत्रं घ्या म्हणाले त्याचं कारण आता सांगते. एकाच मातीवर चार गट काम करतात आणि उत्तरं दोन-चार टक्क्यांनी वेगळी येतात. पूर्वी एकच यंत्र होतं तेव्हा एक गट करायचा आणि बाकीचे जर्नलमध्ये उतरवून घ्यायचे. सगळ्यांची रेषा सारखी, सगळे बिंदू रेषेवर तंतोतंत. असं जर्नल पाहिलं की माझं काळीज तुटतं. मातीचे खरे बिंदू कधीही इतके शिस्तीत बसत नाहीत. आता चारही गटांचे आकडे फळ्यावर येतात आणि वाद सुरू होतो. कुणी हळू फिरवलं, कुणाची माती नीट मुरली नव्हती, कुणाच्या टूलचं टोक झिजून खाच रुंद पडत होती. हा वाद माझ्या लॅबचा सगळ्यात मोलाचा अर्धा तास आहे, टर्मवर्कचे मार्क मी त्यावरच देते, नुसत्या उत्तरावर नाही.

यंत्राच्या उणिवाही आहेत. बिजागरीची पिन वर्षभरात सैल होते आणि कप तिरका पडू लागतो. कपाच्या आत, टूल फिरतं त्या रेषेवर, झीज होऊन उथळ चर पडतो. तो नखाला लागला की कप बदला. उंचीचे स्क्रू वापरात ढिले होतात, म्हणून दर बॅचला गेज लावून बघायची सवय मुलांनाच लावा. हँडल उजव्या बाजूला असल्याने डावखुऱ्या मुलांना त्रास होतो. त्यांना मी खाच पाडायला देते, फिरवणारा दुसरा. आणि यंत्र डगमगत्या टेबलावर ठेवू नका. आमच्या जुन्या लाकडी टेबलावर आणि काँक्रीटच्या ओट्यावर ठोके स्पष्ट वेगळे येत होते. ठोकळ्याखालचे रबरी पाय शाबूत आहेत ना तेही बघा.

सुटे कप आणि दोन जास्तीची टूल यंत्राबरोबरच मागवा, नंतर वेगळी मागवली तर मिळायला फार वेळ लागतो. ओव्हनच्या डब्या झाकणासकट, क्रमांक कोरलेल्या घ्या. मार्करने लिहिलेले क्रमांक ओव्हनमध्ये पुसट होऊन नमुने एकमेकांत जातात. ऑर्डरमध्ये यंत्र आयएस ९२५९ या भारतीय मानकाप्रमाणे असावं हे स्पष्ट लिहा, दोन्ही प्रकारची टूल, गेज आणि सुटे स्क्रू त्याच ओळीत घाला. आणि माल आला की उंची आणि ठोकळ्याची उसळी तुमच्या समोर तपासल्याशिवाय बिलावर सही करू नका.